हवा मागायची खूण

"जोडी कुणाची कुणाशी?" डायव्हिंग शिकवणाऱ्या तांडेलनं विचारलं.

आम्ही दोघी त्याच्यासमोर बाकावर बसलो होतो, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. ती जागा शलाकाची. पण शलाका नेमकी त्या सकाळपासून शिंकत होती, आणि सर्दी झालेल्या माणसानं पाण्याखाली जायचं नाही, कानाला इजा होते, हे तांडेलनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. ती मागं नारळाच्या झाडाखाली रुमाल नाकाला लावून बसली होती.

"मी एकटी जाईन," मी म्हणाले.

"एकटं कोणी जात नाही, काकू. खाली जोडीदार लागतोच. तुमची हवा संपली तर त्यानं द्यायची, त्याची संपली तर तुम्ही. एकमेकांवरची नजर हलवायची नाही."

"मग मला दुसरं कुणीतरी द्या."

"दुसरं कोण आहे? आजच्या शिकवणीला तुम्ही दोघीच."

अक्का समुद्राकडं बघत होत्या. त्या समुद्रालाच म्हणाल्या, "मला काही अडचण नाही. कुणाला असली तर त्यानं मागं फिरावं."

आता मी मागं फिरणार होते होय? मी उठून आधी पोशाख कुठं मिळतो ते विचारलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सांगलीत एकाच घरात त्या खाली राहतात, आम्ही वर. आणि आमचा अबोला होता. अबोला म्हणजे गप्प बसणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी धरलेला नसतो. आम्ही दिवसभर बोलायचो, फक्त एकमेकींशी नाही. अक्का मांजराला सांगायच्या, "वरच्यांना म्हणावं, टाकीतलं पाणी जपून वापरा." मी जिन्यातल्या कुंडीला सांगायचे, "खालच्यांना म्हणावं, मोटर कुणी बंद ठेवलीय ते आधी बघा." आमचे नवरे एका दुकानात शेजारी शेजारी बसून रंगाचे डबे विकायचे आणि एका डब्यात जेवायचे. त्यांना काही फरक पडला नाही.

कारण सांगते. शलाका अक्कांची पोरगी. ती दीड वर्षाची असताना अक्कांना मुलगा झाला, तो सारखा आजारी, म्हणून अक्कांनी हिला माझ्या कुशीत दिलं, ती माझ्याकडंच राहिली. मला मूल नाही. त्याचं रडगाणं मी कुणापुढं गायले नाही. ही पोर माझ्या हातानं जेवली, माझ्या शिवणाच्या मशीनखाली झोपली, तापात माझं नाव घेत बरळली. तिचा बारावीचा निकाल लागला तेव्हा घर माणसांनी भरलेलं, मी पेढे वाटत होते. कुणीतरी म्हणालं, "लेकीनं नाव काढलं हो तुमच्या." तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, "लेक माझी आहे. उसनी घेऊन किती दिवस मिरवायचं माणसानं?"

मी पेढ्यांचा खोका होता तिथं ठेवला आणि वर गेले. दुसऱ्या दिवसापासून माझा गॅस वेगळा.

आणि आता शलाकाचं लग्न तोंडावर आलं होतं. आमच्याकडं लग्नाआधी घाणा भरतात. दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधायची, उखळात हळकुंडं टाकायची, आणि नवरीच्या आईनं आणखी एका सवाष्णीबरोबर पहिले घाव घालायचे. ती दुसरी बाई लेकुरवाळी लागते, असं घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात. शलाकाचं म्हणणं, आईबरोबर मुसळ काकूच धरणार. माझं म्हणणं, अक्कांनी स्वतःच्या तोंडानं बोलावलं तर मी खाली उतरेन, नाहीतर मांडवात पाऊल ठेवणार नाही. अक्कांचं म्हणणं, घर फोडून वर कोण गेलं? गेली तिनं आधी बोलावं. शेवटी शलाका म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्याबरोबर अंदमानला येताय. नाही आलात तर मी कचेरीत सह्या करून मोकळी होईन. मग बसा मुसळं बडवत."

म्हणून ही वरात समुद्रावर आली होती.

बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मांजर नाही, कुंडी नाही. तो काळा रबरी पोशाख अंगात घालता घालता मला घाम फुटला. मी शिवणक्लास चालवते, कापडाशी माझं कधी वाकडं आलं नाही, पण हे कापडच नव्हतं. आणि त्याची चेन पाठीवर, खालून मानेपर्यंत. स्वतःची स्वतःला लावता येतच नाही. मी दोन्ही हात मागं नेऊन झटापट केली. तिकडं अक्कांचीही तीच गत. त्यांनी बांगड्या काढून ठेवल्या होत्या, मंगळसूत्र मात्र आत दडपलं होतं, आणि बोटातली पोवळ्याची अंगठी तशीच.

बऱ्याच वेळानं अक्का भिंतीला म्हणाल्या, "चेन लागत नाहीये."

मी दाराला म्हणाले, "इकडंही तेच चाललंय."

मग त्या वळल्या आणि पाठ माझ्याकडं करून उभ्या राहिल्या. मी चेन वर ओढली. नंतर मी वळले, त्यांनी माझी ओढली, जरा जास्तच जोरात, मानेचे केस अडकले. ते मी माझे सोडवून घेतले. बाहेर आलो तर शलाका आमच्याकडं बघून हसू दाबत होती. तिच्या रुमालावर माझं लक्ष होतं. तो सकाळपासून कोरडा ठणठणीत होता.

तांडेल मूळचा मालवणचा, इकडं येऊन शिकवायला लागलेला. त्यानं आम्हाला कंबरभर पाण्यात उभं केलं आणि खुणा शिकवल्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जुळवून गोल केलं की 'मी ठीक आहे, तू?'

"आणि जोडीदारानं ही खूण केली की उत्तर द्यायचंच," तो म्हणाला. "गप्प राहिलात तर तो समजणार काहीतरी बिनसलंय, आणि तुम्हाला वर काढणार. खाली रुसवेफुगवे चालत नाहीत."

तो सहज बोलला असेल, पण मी शलाकाकडं बघितलं. ती किनाऱ्यावर शिंपले वेचण्यात गुंग झाली होती.

नळी तोंडात धरून आम्ही पाण्याखाली गुडघ्यांवर बसलो. मला एका जागी बसवत नव्हतं. घरीही मी कधी टेकत नाही, सारखं काहीतरी उचल, ठेव, पूस. इथं काही उचलायला नव्हतं, नुसता स्वतःच्या श्वासाचा खरखराट. बघते तर समोर अक्का बोटांचं कडं करून माझ्याकडं बघतायत. मी गप्प राहिले. त्यांनी हात माझ्या डोळ्यांपुढं आणून पुन्हा कडं केलं. मग मी केलं. किती वर्षांनी त्यांनी मला सरळ काही विचारलं होतं, बोटांनी का असेना. मला बरं वाटलं, आणि त्याचा रागही आला.

मग हवेची खूण. हवा संपली की तळहात गळ्यावरून आडवा फिरवायचा. जोडीदारानं आपल्याजवळची जादा नळी द्यायची, एकमेकींचे दंड धरायचे आणि सावकाश वर यायचं. आधी मी खूण केली. हात गळ्यापाशी जातोय न जातोय तोवर अक्कांनी नळी माझ्या तोंडाशी आणली. घाई त्यांचीच झाली होती. मग त्यांची पाळी आली, तर त्या हात मांडीवर ठेवून ढिम्म.

तांडेलनं आम्हाला वर काढलं. "काय झालं, मावशी? खूण विसरलात?"

"खूण लक्षात आहे," अक्का म्हणाल्या.

"मग करा की. हवा मागायला लागते. मागितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?"

"कुणाकडं काही मागायची मला सवय नाही. माझी संपली तर मी माझी वर येईन."

"तसं वर येता येत नाही. जीव जातो."

"त्यांना सांगा," मी तांडेलला म्हणाले, "मागितलं म्हणून कुणाची मान खाली जात नाही."

"ह्यांना सांगा," अक्का म्हणाल्या, "देणाऱ्यानं असं बोलायचं नसतं."

तांडेलनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. आणि तोंडून त्याची घरची बोली निघाली, "तुमी दोगी एकमेकींवांगडा बोलनास नाय काय?"

एकमेकींशी बोलत नाही का, असं. मी एकीकडं बघितलं, अक्कांनी दुसरीकडं. तो डोक्यावरचं पाणी निपटत म्हणाला, "हे केल्याशिवाय मी पोवळ्यांवर नेणार नाही. मग पाठीमागून कुरकुर करू नका."

आम्ही पुन्हा खाली बसलो. अक्कांनी गळ्यापाशी हात नेला, माशी हाकलल्यासारखा फिरवला आणि माझ्याकडं न बघता नळी घेतली. तांडेलनं चालवून घेतलं.

संध्याकाळी शलाका माझ्या केसातलं मीठ विंचरत होती. "बोललात?"

"खुणा केल्या."

"म्हणजे काहीतरी झालं."

"काही झालं नाही. तुझी आई हवासुद्धा मागत नाही माझ्याकडं. घाण्याला काय बोलावणार? आणि तुझी सर्दी कुठं गेली गं?"

ती पटकन शिंकली. ओढूनताणून आणलेली शिंक होती. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "काकू, तू नसलीस तर मला त्या हळदीचा रंगसुद्धा नको." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला बसवेना म्हणून उठून वाळत घातलेले कपडे विनाकारण काढले, पुन्हा घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून गेलो. तांडेल मध्ये, आम्ही दोन बाजूंना, दोरीला धरून खाली उतरत गेलो. कान दुखला की नाक दाबून फुंकर मारायची, ते मी केलं. आणि मग खाली ते सगळं दिसलं.

पोवळं म्हटलं की मला अक्कांच्या अंगठीतला खडा तेवढा माहीत. हे इथं रानच्या रान पसरलं होतं. फांद्या फुटलेलं, फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखं, ताटल्या रचून ठेवाव्यात तसं. आणि तो दगड नव्हे, जिवंत जीव आहे, हात लावायचा नाही, असं तांडेलनं बजावलेलं. मासे आम्हाला बघून बाजूलासुद्धा होत नव्हते. एक निळाहिरवा मासा तोंडानं पोवळं कुरतडत होता, आणि त्याचा कुर्रकुर्र आवाज चक्क ऐकू येत होता. एक भला मोठा शिंपला, त्याचे जांभळे ओठ उघडे, माझी सावली पडली तसे मिटले. मी हे बघू की ते बघू करत इकडून तिकडं पाय मारत होते. तांडेल हातानं सांगत होता, हळू, हळू. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा काही आवरायला नको होतं, नुसतं बघायचं होतं. आयुष्यात पुन्हा इथं येणं होणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मला सगळं बघायचं होतं.

तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. अक्का. मी बोटांचं कडं केलं, ठीक? त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडं सरळ बघितलं, आणि तळहात गळ्यावरून आडवा फिरवला. माशी हाकलल्यासारखा नाही, सावकाश, या कानापासून त्या कानापर्यंत. अंगठीतलं पोवळं तिथल्या निळ्या उजेडात काळपट दिसत होतं.

शिकवलेलं सगळं विसरले असं वाटलं, पण हात आपोआप चालले. मी जादा नळी ओढली आणि त्यांच्या तोंडात दिली. त्यांनी माझा दंड धरला, मी त्यांचा. त्यांचे डोळे काचेमागं मोठे दिसत होते. आणि मग त्या बोलल्या. नळी तोंडात असताना. शब्द एक कळला नाही, नुसतं घूंऽऽ घूंऽऽ, आणि बुडबुड्यांचा लोट वर गेला. थांबल्या, पुन्हा बोलल्या. बरंच काहीतरी होतं. मी मान हलवली, कळत नाही. त्यांनी माझा दंड आणखी आवळला.

तांडेल आला, त्यानं अंगठा वर केला, चला. आम्ही दोघी दंड धरून, एका टाकीवर श्वास घेत, सावकाश वर आलो. खाली तो शिंपला उघडला की नाही ते बघायचं राहिलं.

होडीत चढल्यावर तांडेलनं आधी अक्कांच्या टाकीचा काटा बघितला. मग पुन्हा बघितला. "मावशी, टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली आहे."

"असेल."

"हवा येत नव्हती?"

"येत होती."

त्याचा चेहरा लाल झाला. "मग खोटी खूण कशाला केलीत? माझा जीव टांगणीला लागला. अशी थट्टा खाली करतात?"

"थट्टा नाही," अक्का केस पिळत शांतपणे म्हणाल्या. "मागता येतंय का ते बघितलं."

माझ्या अंगाची लाही झाली. एवढ्या लांब येऊन, एवढं ते रबर अंगावर चढवून, पुरतं बघूसुद्धा दिलं नाही ह्या बाईनं. आणि वर बोलल्या काहीतरी, तेही जिथं कुणाला ऐकू जाणार नाही तिथं. मी होडीत या टोकाला बसले, उठले, त्या टोकाला बसले. तांडेलला म्हणाले, पाणी आहे का प्यायला. पाणी प्यायले. पुन्हा उठले.

"अक्का, खाली काय म्हणत होता तुम्ही?"

तोंडातून निघून गेलं. होडी चालवणाऱ्यानंसुद्धा मागं वळून बघितलं.

अक्कांनी केस बांधले. "बोललीस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही आधी बोललात. खाली."

"तुला ऐकू आलं?"

"नाही."

"मग ते धरायचं नाही."

"धरायचं. आवाज आला मला. काय म्हणालात ते सांगा."

"सांगीन वेळ आली की. पाणी दे इकडं. तोंड खारट झालंय."

मी बाटली दिली. किनाऱ्यावर शलाकानं आम्हाला एका बाटलीतून पाणी पिताना बघितलं आणि ती खरोखर नाक ओढायला लागली.

परतीच्या प्रवासभर अक्का माझ्याशी बोलल्या. बॅगेचं हँडल नीट धर, खिडकीकडं तू बस, तो शिंपला केवढा होता गं. सांगलीला आल्यावरही, जिन्यात उभ्या राहून, रुखवतात काय मांडायचं, मिठाई कुणाकडून आणायची. सगळं बोलल्या, घाण्याचं सोडून. आणि खाली काय म्हणाल्या तेही नाही. मी विचारलं नाही. मागायची सवय मलाही नव्हती. रात्रंदिवस डोक्यात तेच, घूंऽऽ घूंऽऽ. ब्लाऊजांच्या बाह्या उलट्या जोडल्या, दोन दोनदा उसवल्या. नवरा म्हणाला, "आता तर गोडी झाली, मग तुझं काय चाललंय?" मी म्हणाले, "तुम्ही जेवा."

घाण्याच्या सकाळी शलाकानं मला हात धरून खाली ओढत आणलं. मी पुढं गेले नाही. दाराशी, चपलांच्या जवळ उभी राहिले. अंगण बायकांनी भरलं होतं. उखळात हळकुंडं पडलेली, मुसळं बांधून तयार. अक्कांनी एका बाजूनं मुसळ धरलं होतं. आमच्या सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, पाटावर बसून कारभार करत होत्या. "चला, दुसरी कोण? माले, तू ये गं. दोन मुलांची आई आहेस, लेकुरवाळी. धर."

शेजारची माली पदर खोचत उठली. मी चपला शोधायला लागले.

"माले, थांब जरा," अक्का म्हणाल्या.

मी वर बघितलं. अक्का त्या सगळ्या बायकांवरून माझ्याकडं बघत होत्या. एक हात मुसळावर. दुसरा हात त्यांनी उचलला, हळदीनं भरलेला, आणि तळवा गळ्यावरून आडवा फिरवला. या कानापासून त्या कानापर्यंत. गळ्यावर पिवळा पट्टा उमटला.

"अगं, हे काय करतेस? शुभकार्यात गळा काय कापून दाखवतेस?" आत्याबाई म्हणाल्या.

माझे पाय केव्हा चालायला लागले मला कळलं नाही. बायका बाजूला झाल्या. मी उखळापाशी पोचले तशा आत्याबाई माझा पदर धरून म्हणाल्या, "वृंदा, तू नको बाई, वाईट वाटून घेऊ नकोस. इथं लेकुरवाळीच लागते."

"लेकुरवाळीच आहे ती," अक्का म्हणाल्या. आवाज असा लावला की गल्लीत ऐकू गेला असेल. "जिचं लग्न आहे ती तिचीच लेक आहे. मी नुसती जन्माला घातली. निकालाच्या दिवशी भरल्या घरात वाईट बोलले, म्हणून आज भरल्या घरात सांगतेय. एकदा समुद्राखाली सांगितलं होतं, तिला ऐकू गेलं नाही. आता गेलं?"

आत्याबाईंनी माझा पदर सोडला. शलाका जिन्यात बसून हुंदके देत होती. मी दोन बोटं जुळवून कडं केलं. खूण केली की उत्तर द्यायचंच असतं.

"मग धर की," अक्का म्हणाल्या. "आणि खालून धर. वरून धरलंस तर हळकुंड उडतंय."

त्याला आता बरीच वर्षं झाली. शलाकाचं सासर सांगलीतच, तिची पोरगी शाळा सुटली की आधी वर येते, माझ्या मशीनखाली दप्तर टाकते. मग थोड्या वेळानं खालून अक्कांची हाक येते, "झालं असेल तर पाठव गं तिला, माझ्या वाटणीचा वेळ आहे." मी म्हणते, "मागा की नीट." त्या जिन्यात येऊन उभ्या राहतात आणि गळ्यावरून हात फिरवतात. मग मी पोरगीला खाली पाठवते.